कोरियातलं विद्यापीठ, २५ लाख वॉनचा पगार आणि धरमपेठेतला एजंट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशातल्या मास्तरकीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, कोरियावरच पत्रांचा आणि मेसेजेसचा पाऊस पडला. मी स्वतः तिकडे एका छोट्या शहरातल्या विद्यापीठात शिकवून आलेय, त्यामुळे यावेळी सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकते.

ताई, मी प्रतापनगरला राहते. इंग्रजीत एमए, बीएड आणि सेट झालंय, सध्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, पैसे कधी येतील ते देवालाच ठाऊक. धरमपेठेतला एक एजंट म्हणतो की कोरियात विद्यापीठात महिन्याला २५ लाख वॉन, घर फुकट, वर्षाला चार महिने सुट्टी, फाइल चार्ज फक्त दीड लाख रुपये. खरं आहे का हे?

मजा म्हणजे एजंट पगाराबद्दल खोटं बोलत नाहीये, तो जे सांगत नाहीये ते महत्त्वाचं आहे.

आधी पगार. २५ लाख वॉन ऐकून माणूस गार होतो, पण हजार वॉन म्हणजे साधारण साठ-बासष्ट रुपये धरा, म्हणजे झाले दीड लाखाच्या आसपास. परदेशी इंग्रजी शिक्षकाला तिथल्या विद्यापीठात साधारण २३ ते ३२ लाख वॉन मिळतात, नावाजलेल्या ठिकाणी आणि पीएचडी असेल तर वर. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. कोरियात २०२६ सालचं किमान वेतन तासाला १०,३२० वॉन आहे, पूर्ण वेळ कामाचा महिना तिथे २०९ तासांचा धरतात, म्हणजे दुकानात बिलिंगला बसणाऱ्या पोरालाही महिन्याला साडेएकवीस लाख वॉन कायद्याने द्यावेच लागतात. तुमचा प्रोफेसरचा पगार त्याच्यापेक्षा थोडाच वर. मग लोक जातात कशाला? तर वेळेसाठी. आठवड्याला नऊ ते पंधरा तास वर्गात, सेमिस्टर मार्चला आणि सप्टेंबरला सुरू, प्रत्येकी पंधरा-सोळा आठवडे, आणि जूनच्या मध्यानंतर आणि डिसेंबरच्या मध्यानंतर कॅम्पस सुनसान. सुट्टीतही पगार चालू राहतो, म्हणून चार महिन्यांची सुट्टी ही थाप नाही. पण काही ठिकाणी सुट्टीत इंग्लिश कॅम्प घ्यायला लावतात, कुठे त्याचे वेगळे पैसे देतात आणि कुठे ते करारातच घुसवलेलं असतं. म्हणून पगाराच्या आधी तास आणि सुट्टीचं कलम वाचायचं, ज्यादा तासाला किती वॉन ते लिहून घ्यायचं.

आता एजंटने गिळलेली गोष्ट. कोरियात इंग्रजी संभाषण शिकवायला जो ई-२ व्हिसा असतो तो सात देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. आपण त्यात नाही. आपलं इंग्रजी कितीही झकास असू द्या, यादी पासपोर्ट बघते. २०१० च्या १ जानेवारीपासून भारत-कोरियाचा व्यापार करार लागू झाला, त्यात भारतीयांसाठी एक खिडकी उघडली, पदवी आणि इंग्रजी शिकवायची पात्रता, म्हणजे आपलं बीएड, असेल तर सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून ई-२ मिळू शकतो. पण ती खिडकी शाळेची आहे, विद्यापीठाची नाही.

विद्यापीठासाठी तुमची वाट म्हणजे ई-१, प्राध्यापकाचा व्हिसा. त्याला देशांची यादी नाही, पण विद्यापीठाने स्वतः तुम्हाला प्राध्यापक म्हणून नेमायला हवं, आणि जाहिरातीतच नेटिव्ह स्पीकर, म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा असलेला, लिहिलेलं असलं की खेळ तिथेच संपतो. एमए आणि विद्यापीठात शिकवल्याचा निदान दोन वर्षांचा अनुभव बहुतेक जण मागतात, तुमचे तासिकेचे दिवस इथे कामाला येतील, फक्त दोन्ही कॉलेजांकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घेऊन ठेवा, ते देतानाही प्राचार्य नखरे करतात, माहितीये. भारतीय लोक तिथे जास्त दिसतात ते इंजिनिअरिंगमध्ये, बिझनेसमध्ये, किंवा तिथूनच पीएचडी केलेले. कोरियन सरकारची जीकेएस स्कॉलरशिप घेऊन आधी तिथे शिकायचं आणि मग नोकरी बघायची, हा रस्ता लांबचा आहे पण खरा आहे. आणि हिंदी चांगली असेल तर सोलच्या हांकुक परदेशी भाषा विद्यापीठात हिंदीचा विभाग १९७२ पासून आहे, तिकडेही लक्ष ठेवा.

दीड लाख मात्र देऊ नका. विद्यापीठं जाहिरात स्वतः देतात, मार्चच्या जागांची ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि सप्टेंबरच्या जागांची मे-जूनमध्ये. अर्ज करायला पैसे लागत नाहीत.

पगारातून कापतात किती? आणि पीएफ, ग्रॅच्युइटी असं काही असतं का तिकडे? (एक वाचक, मानेवाडा)

असतं, आणि खरी कमाई यातच लपलेली आहे, पण कुणी विचारत नाही.

पेन्शन घ्या आधी. राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता २०२५ पर्यंत पगाराच्या ९ टक्के होता, २०२६ पासून ९.५ झाला आणि दरवर्षी अर्धा टक्का वाढत २०३३ ला १३ वर जाणार. यातलं निम्मं तुमच्याकडून, निम्मं विद्यापीठाकडून. भारत आणि कोरियाचा सामाजिक सुरक्षा करार १ नोव्हेंबर २०११ पासून लागू आहे, त्यामुळे देश कायमचा सोडताना भारतीयाला हे पैसे एकरकमी परत मागता येतात, विद्यापीठाचा वाटा धरून. २५ लाखाच्या पगारावर दोन-तीन वर्षांत ती रक्कम कुठे जाते ते तुम्हीच कॅल्क्युलेटर काढून बघा. खासगी विद्यापीठ असेल तर आधी विचारा की राष्ट्रीय पेन्शन आहे की खासगी शाळा-कॉलेजांची वेगळी पेन्शन, तिला तिथे साहाक म्हणतात, तिचा हप्ता राष्ट्रीय पेन्शनच्या जवळपास दुप्पट असतो आणि हातात पडणारा पगार तेवढा बारीक होतो.

ग्रॅच्युइटीसारखं जे असतं त्याला थ्वेजिकगम म्हणतात, एक वर्ष पूर्ण झालं की वर्षाला साधारण एक महिन्याचा पगार, नोकरी सोडताना. आपल्याकडे पाच वर्षं घासावी लागतात हे डोक्यात बसलेलं असतं म्हणून लोकांना ते खरंच वाटत नाही. पण इथेच चलाखी होते. करार अकरा महिन्यांचा केला की वर्ष पूर्ण होत नाही आणि पैसे वाचले. किंवा आठवड्याला पंधरा तासांच्या आतलं काम दाखवलं की तो हक्कच लागू होत नाही असं सांगतात. तिसरा प्रकार म्हणजे जाहिरातीत वर्षाचा पगार मोठा दिसतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की थ्वेजिकगम यातच धरलंय. माझ्या ओळखीच्या एकीचं असंच झालं, विद्यापीठाचं नाव घेत नाही, ती महिन्याचा हिशोब बाराने भागून बसली होती आणि प्रत्यक्षात भागायचं होतं तेराने.

मेडिकलचा, म्हणजे आरोग्य विम्याचा, हप्ता २०२५ मध्ये पगाराच्या ७.०९ टक्के होता, तोही निम्मा-निम्मा, आणि त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा छोटा हप्ता. या पैशाचं मला तरी कधी वाईट वाटलं नाही, सर्दी-तापाला गल्लीतल्या क्लिनिकमध्ये जा, काही हजार वॉनमध्ये बाहेर या. दातांच्या मोठ्या कामाचं वेगळं, ते इथूनच उरकून जा. इन्कम टॅक्स छोट्या पगारावर फार नाही, पहिल्या १ कोटी ४० लाख वॉनच्या करपात्र उत्पन्नावर ६ टक्के, पुढे ५ कोटीपर्यंत १५, वर त्या टॅक्सच्या दहा टक्के स्थानिक कर. परदेशी माणसाला सरसकट १९ टक्क्यांचा पर्याय असतो, पण एवढ्या पगारात तो घेतला तर नुकसानच. सगळं मिळून दहा-बारा टक्के कापले जातील असं समजा, साहाक असेल तर जास्त.

घर फुकट म्हणजे नक्की काय?

कॅम्पसजवळ एक वन-रूम, म्हणजे खोली, ओटा, बाथरूम, वॉशिंग मशीन. भाडं विद्यापीठ भरतं, वीज-गॅस तुम्ही. जमीन खालून गरम होते, त्याला ओंदोल म्हणतात, भिंतीवर छोटं बटण असतं आणि नागपूरचा माणूस पहिल्या डिसेंबरात ते फुल करून झोपतो आणि जानेवारीत गॅसचं बिल बघून त्याची झोप उडते.

काही विद्यापीठं घर न देता भत्ता देतात, तीन ते पाच लाख वॉन. ऐकायला बरं वाटतं, पण तिथे भाड्याच्या घराला डिपॉझिट आपल्यासारखं दोन-तीन महिन्यांचं नसतं, साध्या वन-रूमलाही पन्नास लाख ते एक कोटी वॉन मागतात, परत मिळतात पण आधी आणायचे कुठून. पहिल्यांदा जाताय तर भत्त्यापेक्षा खोलीच मागा.

पोरगी तिकडं मास्तरीन म्हणून जातो म्हनते. पगाराचं सोडा ताई, नौकरी पक्की असते का? मी रिटायर मास्तर हाओ म्हनून इचारतो. (एक काका, उमरेड रोड)

काका, स्पष्ट सांगते, पक्की नसते. करार एका वर्षाचा, फार तर दोन, मग नूतनीकरण. २०१९ च्या ऑगस्टपासून तिथे अर्धवेळ व्याख्यात्यांसाठी कायदा आला, निदान एक वर्षाची नेमणूक आणि तीन वर्षांपर्यंत पुनर्नेमणुकीची प्रक्रिया, पण परदेशी शिक्षकाच्या हुद्द्याची नावं इतकी तऱ्हेतऱ्हेची असतात की तो आपल्याला लागू आहे का ते करारावरूनच कळतं.

नूतनीकरण बऱ्याच अंशी पोरांच्या हातात. सेमिस्टर संपलं की विद्यार्थी शिक्षकाला मार्क देतात, आणि त्यांना मार्क देताना तुमचे हात बांधलेले, कारण बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या टक्क्यांपलीकडे ए देताच येत नाही. निकालानंतर आक्षेपांचा आठवडा असतो, तेव्हा काकाओटॉकवर, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री अकराला मेसेज येतात, प्रोफेसर, माझ्या स्कॉलरशिपचा प्रश्न आहे, बी प्लसचं ए करा, खाली रडणाऱ्या अस्वलाचं स्टिकर. एकाला वर चढवायचं तर दुसऱ्याला खाली ढकलावं लागतं, तुम्ही मास्तर होता, तुम्हाला जास्त सांगायला नको.

दुसरं कारण मोठं आहे. पोरंच कमी झालीत. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ होता, २०२४ मध्ये ०.७५. वर २००९ पासून सरकारने फी जवळपास गोठवून धरली होती, म्हणून परदेशी शिक्षकांचे पगार वर्षानुवर्षं जागचे हलले नाहीत. तिकडे लोक म्हणतात की चेरीची फुलं ज्या क्रमाने फुलतात त्याच क्रमाने विद्यापीठं बंद पडणार, म्हणजे आधी दक्षिणेकडची आणि सोल शेवटी. तेव्हा पोरीला सांगा, दूरच्या गावातल्या खासगी विद्यापीठाने जास्त पगार कबूल केला तर आधी तिथे गेल्या तीन वर्षांत प्रवेश किती झाले ते विचार. सरकारी विद्यापीठात पगार थोडा कमी असला तरी जाऊ दे तिला.

कागदपत्रं कुठून सुरू करू? (एक वाचक, सदर)

डिग्रीपासून. आपल्या तुकडोजी महाराज विद्यापीठाची पदवी आधी राज्याकडून साक्षांकित, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का. मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे ना ते आजच बघा, आडनावाचं एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी महिना जातो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर आधीच लागा. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतूनच मिळतो, तो लवकर काढू नका, जुना झाला तर चालत नाही. टीबीचा रिपोर्टही लागतो, आणि तो कोरियन दूतावासाने ठरवलेल्या दवाखान्याचाच, त्यामुळे ओळखीच्या डॉक्टरकडून घेऊ नका.

नवरा सोबत आला तर त्याला तिकडे काम करता येईल का?

ई-१ वर गेलात तर नवऱ्याला आणि मुलांना एफ-३, म्हणजे कुटुंबाचा व्हिसा, मिळतो, त्यावर राहता येतं, कमावता येत नाही. ते मेडिकलमध्ये तुमच्या नावाखाली येतात, वेगळा हप्ता नाही. काम करायचं तर त्याला स्वतःचा व्हिसा हवा. आणि घरी ट्यूशन घेऊ असं मनात असेल तर तेही काढून टाका, तुम्हालासुद्धा खासगी शिकवणी घेता येत नाही, दुसऱ्या कॉलेजात चार तास घ्यायचे तरी आधी विद्यापीठाची परवानगी काढावी लागते आणि इमिग्रेशनलाही कळवावं लागतं.