4 जीबीच्या लॅपटॉपवर सुपरकॉम्प्युटिंग शिकता येते का? येते!

भाऊ, तू लिहिलं की दिग्रसजवळच्या खेड्यात राहतो, बीएस्सी सेकंड इयरला आहे, घरी दादाचा जुना 4 जीबीचा लॅपटॉप आहे, तर सुपरकॉम्प्युटिंगसाठी पुण्याला क्लास लावावा का. नको लावू. माझ्या भाच्यानं असाच एक लावला होता, तीन महिने नुसत्या स्लाइडा दाखवल्या अन् एक प्रोग्राम चालवू दिला नाही.

सुपरकॉम्प्युटर म्हणजे एकच लय फास्ट कॉम्प्युटर, हे आधी डोक्यातून काढ. हजारो प्रोसेसर एका कामाला जुंपलेले असतात. आपला 1991 चा परम 8000 सुपरकॉम्प्युटर पण ट्रान्सप्युटर नावाच्या बारक्या चिपा जोडूनच बनला (अन् तो बनवून घेणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे बरं का, पुण्याचे नाही). शिकायचं ते काम वाटून द्यायचं, अन् ते दोन कोरवरही (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) शिकता येते.

कापसाची वेचणी पाय ना. समज सगळं काम एकाचं वीस तासांचं आहे, एकोणीस तास वेचणी अन् एक तास मोजणी. बाया वाढवल्या की वेचणी लवकर होते, पण काटा एकच, तो तास कुठं जात नाही, मग हजार बाया आणल्या तरी काम वीसपटीच्या वर फास्ट होणारच नाही. याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात, पुस्तकात वाचून मला कळला नव्हता, सांजच्याला काट्यापाशी थांबलेल्या बाया पाहून कळला. अन् एकाच वहीत दोघं एकदम वजन लिहायला लागले की हिशेब चुकते, ते रेस कंडिशन.

आता कर असं, लॅपटॉपवर लुबुंटू टाक, म्हणजे जुन्या मशीनवर चालणारं हलकं लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम). जगातल्या पहिल्या 500 सुपरकॉम्प्युटरांवर 2017 पासून लिनक्सच आहे, अन् तिथं कोणी मशीनसमोर बसत नाही, दुरून काळ्या स्क्रीनवर कमांड टाकतात, काम स्लर्मसारख्या, नंबर लावून देणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत लागते, म्हणून खेड्यात राहतो याचं टेन्शन घेऊ नको. लिनक्स अन् सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतून फुकट आहेत, कॉलेजात नेट असते तेव्हा उतरवून ठेव. मग एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सची साइट) पॅरलल प्रोग्रामिंग, म्हणजे काम वाटून करणारे प्रोग्राम लिहिणं, पाय, पाहायला पैसे नाही, सर्टिफिकेटच्या परीक्षेलाच फी आहे, ती सध्या राहू दे.

आधी ओपनएमपी शिक, त्यात एकाच मशीनच्या कोरांत काम वाटतात; एमपीआय नंतर, त्यात वेगवेगळ्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) एकमेकांना निरोप पाठवून काम करतात. एमपीआयच्या ओपन एमपीआय या प्रकारात कोरपेक्षा जास्त प्रोसेस मागितल्या की स्लॉट (प्रोसेससाठीच्या जागा) पुरत नाही म्हणून एरर येते, मी दोन दिवस इन्स्टॉलेशनच बिघडलं समजून बसलो होतो, तिथं कमांडमध्ये फक्त ओव्हरसबस्क्राइब (जागेपेक्षा जास्त चालू दे) लिहायचं असते.

पहिला प्रोग्राम 1 ते 10 कोटीच्या बेरजेचा लिही, एका थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा) अन् दोन थ्रेडवर किती सेकंद लागले ते इथं टाक. बेरीज दरवेळी वेगळीच आली तर लॅपटॉपला दोष देऊ नको, रिडक्शन (प्रत्येक थ्रेडची वेगळी बेरीज शेवटी एकत्र करायची सूचना) लिहायचं विसरला असशील.