नवीन कॅमेऱ्याने गोव्यातल्या लोकल गाड्या आणि पूल यांचे फोटो कसे काढावेत?

पणजीत नुकतेच राहायला आलात, पहिलाच मिररलेस कॅमेरा किट लेन्ससह घेतलाय, आणि मुंबईसारख्या लोकल व चांगले पूल टिपायला कुठे जावं असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगते: मुंबईची लोकल इथे नाही. आमची लोकल म्हणजे वास्को–कुळे मार्गावरची पॅसेंजर आणि कोकण रेल्वेवरच्या जवळच्या पल्ल्याच्या पॅसेंजर गाड्या. दिवसाला मोजक्या फेऱ्या. एक गाडी हुकली की पुढची कधी येईल ते वेळापत्रकात बघावं लागतं, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं. त्यामुळे इथे हिंडून फोटो मिळत नाहीत, उभं राहून मिळतात.

हे मी उशिरा शिकले. माझं घर कुडचड्याला. कॅमेरा आल्यावर पहिले दोन-तीन महिने मी पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरले आणि प्रत्येक ठिकाणचा एकेक बरा फोटो घेऊन परतले. मग एका मे महिन्यात रोज सकाळी सावर्डे-कुडचड्यामधल्या झुआरीच्या काठावर जायला लागले, जिथे रेल्वे नदी ओलांडते. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की गाडी दिसण्याआधी तिचा आवाज पाण्यावरून येतो, आणि पुलावर चढताच तो आवाज पोकळ होतो. त्या आवाजावर बोट शटरवर ठेवायची सवय लागली. कोवळं ऊन डब्यांच्या कोणत्या बाजूला पडतं, दारात उभी माणसं नदीकडे कधी बघतात, हे त्यानंतर दिसू लागलं. माझा सर्वात आवडता फोटो तिथलाच आहे, घरापासून पंधरा मिनिटांवरचा.

हा वास्को–कुळे मार्ग मुळात १८८०च्या दशकातला. पोर्तुगीज काळात मुरगाव बंदर घाटावरच्या मुलखाशी जोडायला तो बांधला. तेव्हा मीटर गेज होता, ब्रॉड गेज १९९०च्या दशकात झाला. कुळ्याच्या पुढे घाटात ३७ मीटरमागे १ मीटर एवढा चढ आहे, म्हणून कुळ्याला गाड्यांना जादा इंजिनं जोडतात. पॅसेंजरची वाट बघताना कुळे स्टेशनवर ते जोडकाम बघायला मिळालं तर सोडू नका. स्टेशन मास्तरांना विचारून प्लॅटफॉर्मवरूनच काढा.

आता कॅमेऱ्याचं. मिररलेसमध्ये आवाज न करणारा सायलेंट मोड असतो, तो गाड्यांसाठी आधी बंद करा. त्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्यामुळे धावत्या गाडीचे उभे खांब, खिडक्या तिरक्या येतात. मला वाटलं होतं लेन्स बिघडली. दुसरं, समोरून येणाऱ्या इंजिनाच्या हेडलाइटने कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि गाडी काळी पडते. म्हणून गाडी यायच्या आधीच रिकाम्या पुलावर एक्स्पोजर ठरवा आणि मॅन्युअल मोडवर ठेवा. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, अॅपर्चर एफ/५.६ किंवा ८, फोकस पुलावरच्या ज्या जागी इंजिन हवं तिथे आधीच लावून ठेवलेला. वेग दाखवायचा असेल तर शटर १/४० वर आणा आणि कमरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. सुरुवातीला वीसातले एकोणीस फोटो जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पुलांसाठी तुम्ही पणजीत आहात हे भाग्यच. मांडवी नदीवरचा, केबलवर तोललेला अटल सेतू २७ जानेवारी २०१९ ला खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि गाडी थांबवून फोटो काढणं धोक्याचं, त्यामुळे काठावरूनच टिपायचा. पणजीच्या धक्क्याजवळून तो पूर्वेला दिसतो, म्हणजे संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून थेट केबलवर पडतं. पण खरी वेळ सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं. आकाश गडद निळं, दिवे लागलेले. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, दहा-पंधरा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. कॅसिनोच्या बोटी पाण्यावर डोलतात, त्या एवढ्या वेळात पुसट येणारच आणि त्यांचे जांभळे-हिरवे दिवे पाण्यावर पसरणार. मला ते खटकतं, म्हणून मी त्यांना चौकटीबाहेर ठेवते.

कुठ्ठाळीला झुआरीवर १९८३ चा जुना पूल, त्याला लागून २०२२–२३ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालेला मनोहर सेतू आणि जवळच कोकण रेल्वेचा पूल. रेल्वेपुलावर गाडी येईपर्यंत काठावर बसून राहा. मांडवीतल्या दिवाडी बेटावर मात्र फेरीबोटीने जाच. खाजन शेतांमधून (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या), बगळ्यांवरून कोकण रेल्वे जाते. बोटीत कठड्याला टेकू नका, इंजिनाची थरथर कॅमेऱ्यात उतरते. कोपर अंगाशी घट्ट धरून १/५०० च्या वर शटर ठेवा.

आणि हे कळकळीने सांगते. रुळांवर किंवा रेल्वेपुलावर पाऊल टाकू नका, दूधसागरला तर नाहीच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि घाटातल्या वळणावर गाडी दिसेपर्यंत पळायला जागा नसते. कोकण रेल्वेवर आता पूर्ण मार्गभर २५,००० व्होल्टची तार आहे. पादचारी पुलावर ट्रायपॉड किंवा सेल्फी स्टिक उंच करू नका, तारेला न शिवताही झटका बसतो. दाभोळी स्टेशनजवळ नौदलाचा तळ आहे, त्या दिशेने कॅमेरा धरू नका, ड्रोन तर काढूच नका.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, माझी एक तशीच गेली. हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. एसी खोलीतून थेट बाहेर पडलात तर काच धुरकट होते, तेव्हा कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

या रविवारी जुन्या गोव्याजवळचं करमळी स्टेशन किंवा दिवाडी, दोन्हींपैकी एकच निवडा, आणि पुढचे चार रविवार तिथेच जा.