मुंबईत बीएमएसला प्रवेश मिळतोय. मराठी माध्यम, बारावी सायन्स. अभ्यासाचा भार झेपेल का?

तू विचारलं आहेस की भार झेपेल का, रोज किती तास लागतात आणि पहिल्याच वर्षी इंटर्नशिप करावी का. मीही बार्शीहून दहावी मराठी माध्यम, बारावी सायन्स करूनच २०१६ साली मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजात बीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या तीन वर्षांच्या पदवीला, लागले होते, म्हणून लिहिते. वयाने लहान असशील, अगंतुगं करते.

अभ्यास झेपतो. पहिल्या सेमला आम्हाला सात विषय होते. त्यातलं स्टॅट्स सायन्सवाल्यांना सोपं जातं. अकाउंट्स मात्र सुरुवातीला डोक्यावरून जातं. तीन-चार आठवडे डेबिट-क्रेडिट काही म्हणता काही कळत नाही, आणि मग एक दिवस कळतं. तोवर रोज दोन सम्स वहीत, हाताने, शेवटच्या बेरजेपर्यंत सोडव. व्हिडिओ बघून मान डोलावलेलं सम पेपरात येत नाही. थिअरीचे विषय परीक्षेआधी दहा दिवसांत होतात आणि ते तसेच करावेत, वर्षभर त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. रोजचे दोन तास पुरतात.

मला जे झेपलं नाही ते ग्रुप प्रोजेक्ट.

चौथ्या सेमला प्रॉडक्शन अँड टोटल क्वालिटी मॅनेजमेंट हा विषय असायचा. आमचा सहा जणांचा ग्रुप आणि विषय मुंबईचे डबेवाले. बाकीच्या पाच जणांनी पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवलं की मी 'रिसर्च' करायचा आणि प्रेझेंटेशन ते करतील, कारण माझं इंग्रजी. हे वाक्य त्यांनी इतकंच, अर्धवट म्हटलं होतं. मी काही बोलले नाही.

मी डोंबिवलीला आत्याकडे राहायचे. दादरला गाडी बदलून सलग तीन दिवस सकाळी अंधेरी स्टेशनवर गेले. दहा-साडेदहाला तिथे आसपासचे डबे येतात, जमिनीवर मांडले जातात, ज्याच्या त्याच्या लांब लाकडी पाटीत भरले जातात आणि लगेजच्या डब्यात चढतात. विचारायला उभं राहायचीही सोय नव्हती, सगळे धावत असायचे. दुसऱ्या दिवशी एका काकांनी माझी मराठी ऐकून विचारलं, "कुठलं गाव गं?" ते राजगुरुनगरकडचे. गाडीला पाच मिनिटं होती. त्यांनी एक डबा उचलून झाकण माझ्यासमोर धरलं. मधोमध मोठा आकडा, तो डबा कुठल्या भागात जायचा त्याचा. कडेला बिल्डिंगची अक्षरं, मजला आणि तिथे पोचवणाऱ्या माणसाचा नंबर. दुसऱ्या कडेला डबा जिथून निघाला तिथली खूण, म्हणजे रिकामा डबा त्याच वाटेने घरी जातो. ना ग्राहकाचं नाव, ना फोन नंबर. "अक्षर लांबून दिसलं पाहिजे," काका म्हणाले, "वाकून वाचायला लागलं की गाडी गेली." रंग एका जागी खरवडला होता, तिथे त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. असा डबा दिसला की त्याच संध्याकाळी पुन्हा रंगवून घेतात.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांची वाटणी सांगितली. वीस-पंचवीस जणांचा एक गट, वर मुकादम. महिन्याचे पैसे सगळ्यांत सारखे. पण दांडी मारली तर दंड, डोक्यावर टोपी नसेल तर दंड, कामावर दारू प्यायली तर दंड. कोणी आजारी पडलं तर त्याची लाइन उचलायला गटात जादा माणूस ठेवलेला असतो.

हे सगळं मी बारा पानांत लिहून ग्रुपवर टाकलं. स्लाइड्सही शेवटी मीच केल्या, प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री दोनपर्यंत. एक स्लाइड दुसऱ्या मुलाने परस्पर घातली होती, 'फोर्ब्सने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलेले डबेवाले'. सिक्स सिग्मा म्हणजे जवळपास शून्य चुकांचा दर्जा. मी म्हटलं, फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते असली प्रमाणपत्रं देत नाही, काढ ते. नाही काढलं. दुसऱ्या दिवशी सर त्याच स्लाइडवर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, झाकणावरच्या आकड्याचा अर्थ काय? बोलणारा गप्प. मी मागून उत्तर द्यायला लागले, दोन वाक्यं इंग्रजीत आणि तिसरं मराठीत गेलं. सर म्हणाले, "इंग्लिश, प्लीज." आणि पुढची स्लाइड लागली.

मार्क सगळ्यांना सारखे मिळाले, वीसपैकी अठरा. त्याच महिन्यात आणखी दोन विषयांच्या ग्रुपमध्ये हेच चाललं होतं. परिणाम असा की स्ट्रॅटेजिक कॉस्ट मॅनेजमेंट, माझा आवडता विषय, त्यात मला पंच्याहत्तरपैकी बावीस. पासिंग तीसला. आयुष्यातली पहिली केटी, म्हणजे नापास झालेला विषय घेऊन पुढच्या सेमला जाणं. बाबांना फोनवर सांगताना मला 'केटी' हा शब्द दोनदा समजावून सांगावा लागला.

मी सरांकडे गेले होते. तक्रार म्हणून नाही, पुढच्या वेळी प्रत्येकाचं काम वेगळं तपासा एवढंच सांगायला. सर म्हणाले, टीमवर्क म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणं, कॉर्पोरेटमध्ये हेच असतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज मी एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये आहे आणि ठामपणे सांगते, सर चुकीचं शिकवत होते. ज्या डबेवाल्यांचं त्यांनी कौतुक केलं त्यांच्याकडेही वाटणी सारखीच असते, पण दंडासकट. दंडाशिवाय सारखे मार्क म्हणजे एकाचं काम पाच जणांत वाटणं. माझ्या आताच्या ऑफिसात कोणाचा आकडा चुकला तर त्या शीटवर त्याचं नाव असतं. कोणी कोणाला तसं सांभाळून घेत नाही, आणि तरी आमचं चांगलं जमतं.

म्हणून तू पहिल्या मीटिंगलाच कोण काय करणार आणि कोणत्या तारखेला देणार हे लिहून घे आणि तो मेल प्राध्यापकांनाही टाक. दुसऱ्याचा भाग करू नकोस, तो आला नाही तरी. पाचव्या सेमला मी एक स्लाइड तशीच कोरी ठेवली, वर मथळा आणि खाली ज्याचं काम होतं त्याचं नाव. वर्गात दोन मिनिटं फार वाईट गेली, सगळ्यांचे मार्क कापले गेले, माझेसुद्धा. पण त्यानंतर त्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचं काम वेळेवर आलं. आणि प्रेझेंटेशनमध्ये मधल्या, मजकुराच्या स्लाइड्स मागून घे. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे. ते बोलूनच सुधारतं, माझं तसंच सुधारलं.

फेस्टच्या कमिट्यांबद्दल सीनियर्स सांगतील की सीव्ही त्यानेच बनतो. पहिल्या वर्षी एकही घेऊ नकोस. इंटर्नशिपही दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत कर, त्याआधी तुला कोणी शिकवत नाही, नुसती एक्सेल भरून घेतात.

सगळे ग्रुप असे नसतात हेही सांगायला हवं. दुसऱ्या सेमला माझा एक ग्रुप इतका चांगला होता की त्यातल्या दोघी आजही मैत्रिणी आहेत. आणि सहाव्या सेमचं ब्लॅकबुक, म्हणजे शेवटचा प्रोजेक्ट रिपोर्ट, शंभर मार्कांचा, आम्ही एकेकट्यानेच केला, तिथे ही कटकट नव्हती. शिवाय माझी माहिती २०१९ पर्यंतची. २०२४ पासून प्रवेशाला सीईटी (प्रवेश परीक्षा) आली, नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची रचना बदलली आणि स्वायत्त कॉलेजांत इंटर्नल मार्कांचं (प्रोजेक्ट वगैरेंचे कॉलेजच देतं ते) वजन वेगळं असतं. इंटर्नल जितकं जास्त तितकं वर लिहिलेलं जास्त लागू, तेव्हा कॉलेज निवडण्याआधी हा आकडा विचारून घे.

लांबून ये-जा करणार असशील तर लोकलमध्ये थिअरी वाचून होते, सम्स होत नाहीत, ते घरीच. बारावीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घरी ठेव, आमच्या पेपरवर साधाच चालेल असं छापलेलं असायचं. बारा आकडी, मोठ्या बटणांचा घे आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच हात बसव.