आई मधुमेही, मुलगा 6 वर्षांचा. राजापुरात सरकारी दवाखान्यात फ्लूची लस मोफत मिळेल का?

आईंना मिळू शकते, मुलासाठी मात्र बहुतेक खाजगीत विकत घ्यावी लागेल. ही लस राष्ट्रीय लसीकरणात नाही. महाराष्ट्राचा आरोग्य विभाग ती गरोदर बायका, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी अशा जोखमीच्या गटांनाच मोफत देतो. साठा मात्र नेहमी असतोच असं नाही, म्हणून एसटीचा हेलपाटा घालण्याआधी गावच्या आशाताईंना विचारून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना यात उपयोगी नाही, ती भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. वेळ महत्त्वाची: आपल्याकडे फ्लू पावसात उसळतो आणि लसीचा असर यायला साधारण 2 आठवडे लागतात, तेव्हा मे महिन्यातच, मृगाच्या आधी घ्या. गणपतीत चाकरमान्यांनी घर भरतं, तेव्हा आईंना संरक्षण हवंच. मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर किमान 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात. दुसरा कृपा करून चुकवू नका. पुढे दोघांनाही दरवर्षी एक. आधीच्या डोसने कुणाला तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.