मागचे डिस्क ब्रेक लोखंडाला लागलेत, घरी करू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी चोडणला राहतो, रोज फेरीने रायबंदरला उतरून पणजीला ऑफिसला जातो. गाडी १० वर्षं जुनी सेडान आहे, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पावसात मागच्या डाव्या चाकातून बारीक किर्रर आवाज यायचा, मला वाटलं माती अडकली असेल, पण चतुर्थीनंतर ब्रेक मारला की सरळ लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर यायला लागली. चाक काढून बघितलं तर आतल्या पॅडचं मटेरियल पूर्ण संपलंय, नुसती पट्टी उरलीय, बाहेरचं पॅड मात्र अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे आणि डिस्कवर खोल चरे पडलेत. मित्र म्हणतो नवीन पॅड आण, सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) पिस्टन दाब, अर्ध्या तासाचं काम आहे. हँडब्रेक लिव्हरचाच आहे, बटणाचा नाही. करू का घरीच?

उत्तर : घरी करता येईल, पण मित्र सांगतोय तसं नको, आणि तोपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका, फेरीवर तर नकोच. तुमच्या गाडीत मागचं कॅलिपरच (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) हँडब्रेकचं काम करत असणार, आणि फेरीच्या ओल्या डेकवर पुढे-मागे गाड्या चिकटून उभ्या असतात तेव्हा तोच हँडब्रेक तुमचा आधार असतो.

तुम्ही लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतलं पॅड संपलं आणि बाहेरचं शिल्लक आहे. हे साधं झिजणं नाही. पिस्टन आतलं पॅड दाबतो आणि त्याच जोराने अख्खं कॅलिपर स्लाइड पिनवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतं. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, मग सगळा भार आतल्या पॅडवर. खारी हवा, फेरीच्या रॅम्पवर उडणारं पाणी आणि चार महिने पाऊस, आपल्याकडे पिन गंजायला एवढं पुरतं. म्हणजे नुसते पॅड बदलले तर नवीन पॅडही तसेच खाल्ले जाणार.

आता सी-क्लॅम्पचं. पुढच्या कॅलिपरला चालतो, मागच्या अशा कॅलिपरला नाही, कारण आत हँडब्रेकचा स्क्रू असतो आणि पिस्टन त्यावर फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात, त्यात बसणारं टूल मिळतं, ते घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवस मागून आणा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, काहींमध्ये एका बाजूला उलटा, फिरत नसेल तर जोर न लावता आधी मॅन्युअल बघा. मी सुरुवातीच्या काळात एका गाडीचा पिस्टन असाच क्लॅम्पने दाबला होता, आतली यंत्रणा गेली, हँडब्रेक परत धरलाच नाही आणि शेवटी अख्खं कॅलिपर नवीन घालावं लागलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

गाडी वर घ्यायची ती सिमेंटच्या सपाट जागेवरच, अंगणातली माती पावसाने मऊ असते, जॅक रुततो. हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा. अडणीला चिऱ्याचा तुकडा चालेल, पण गाडीखाली टेकू म्हणून चिरा किंवा पोकळ ब्लॉक कधीच ठेवू नका, एका जागी वजन आलं की तो अचानक फुटतो. जॅक स्टँड घ्याच, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही.

कॅलिपर काढलं की ते तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवलं तर पाइप आतून खराब होतो आणि बाहेरून दिसतही नाही. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसायची. पिन ओढून काढा, वरची आणि खालची वेगळी असू शकते, अदलाबदल करू नका. गंज साफ करा, फार खड्डे असतील तर नवीन पिन आणि रबर घाला, आणि ग्रीस सिलिकॉनचंच लावा. नेहमीचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम.

डिस्क खोल चरलीय म्हणता, तर ती नवीनच घाला, आणि दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदम बदला, नाहीतर एका बाजूचा ब्रेक जास्त धरतो. मोजायचंच असेल तर डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, पण साधा व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या काठावर टेकून चुकीचं माप देतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) गंजून चिकटली असेल तर तिच्यावर आट्यांची दोन भोकं असतात का बघा, त्यात बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले की ती सुटते. नवीन डिस्क बसवायच्या आधी हबचा गंज वायर ब्रशने अगदी गुळगुळीत करा, तिथे राहिलेला कण पुढे पेडल थरथरवतो.

पिस्टन आत फिरवताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू शकते, लक्ष ठेवा, रंगावर सांडलं तर रंग उठतो. पॅडच्या मागे बारीक खुंटी असेल तर ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे. हँडब्रेकची केबल सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण मागे येतो ना ते बघा, नसेल तर केबलही जाम आहे. पाइप उघडला नसेल तर हवा काढायची गरज नाही, पण ऑइल २ वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा पितं, डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, ओलावा प्यायल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि मग चोर्ला घाट उतरताना पेडल मऊ पडतं.

सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, पहिल्यांदा ते थेट खाली जातं, हे विसरून गाडी मागे घेतलेले लोक मी पाहिलेत. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० किमीपर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या. रायबंदरच्या कॉजवेवर हे करू नका, मागून गाड्या असतात.

मात्र पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले, रबराच्या कडेने ओलं दिसलं किंवा पाइपला भेगा असतील तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

प्रश्न : पेडण्याहून एक ताई विचारतात, पावसात गाडी १५ दिवस उभी होती, आता मागचं चाक फिरत नाही, ब्रेक गेले का?

उत्तर : बहुतेक नाही ताई, ओढलेल्या हँडब्रेकमुळे पॅड गंजून डिस्कला चिकटलंय. हँडब्रेक सोडून गाडी हळूच पुढे-मागे करा, कडाक् आवाज होऊन सुटेल. तेवढ्यावर सुटलं नाही तर इंजिनचा जोर लावू नका, चाक काढून कॅलिपर बघावं लागेल. पुढच्या वेळी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.