शांत खोलीतच कॉल ऐकू येतात

प्रश्न : ताई, मी आपत्कालीन सेवेच्या कंट्रोल रूममध्ये कॉल घेते. सहा वर्षं झाली. बारा तासांची ड्युटी असते, पण कामावर माझा आवाज कधी थरथरत नाही. घरी आल्यावर मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही. एका सहकारी मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसायला लागले, तर झालं उलटंच. खोली शांत झाली की दिवसातला एखादा कॉल पुन्हा सुरू होतो. परवा एका बाईंना नवऱ्याची छाती दाबायला सांगत होते. त्या रडत रडत माझ्याबरोबर आकडे मोजत होत्या. सात मिनिटांनी दार वाजल्याचं ऐकू आलं, अँब्युलन्स पोहोचली आणि लाइन कट झाली. आता जिना चढताना तेच आकडे तोंडात येतात. घरी नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही. आणि खरंच, मला काय झालं? मी तर फक्त फोनवर होते.

उत्तर : मी एकोणीस वर्षं हेडसेट लावून बसले आहे, त्यामुळे पहिल्यांदा त्या ‘फक्त’वरच बोट ठेवते. त्या घरात त्या बाईंच्या सोबतीला तुमच्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. मानसोपचारात जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ साली, कामाच्या निमित्ताने अशा प्रसंगांचे भीषण तपशील वारंवार कानावर पडणं, हाही आघाताचाच एक प्रकार मानला. शिवाय जागेवर गेलेल्याला जे आहे तेवढंच दिसतं. आपल्याला काहीच दिसत नाही, म्हणून ते घर, ती फरशी, तो माणूस, सगळं मन स्वतःच रंगवतं. आणि ते हात राखून रंगवत नाही.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण आपल्या कामात शांतता म्हणजे काय असतं ते आठवा. कॉलर ओरडतोय तोवर ठीक, निदान त्याचा श्वास चालू आहे. तो गप्प झाला की आपण हेडसेट कानाशी दाबतो, आवाज वाढवतो, मागे काय ऐकू येतंय ते टिपायला लागतो. सहा वर्षं तुमच्या कानाला हेच शिकवलं गेलंय की शांतता पसरली म्हणजे काहीतरी बिघडलं. तोच कान घेऊन तुम्ही शांत खोलीत बसता. तो टवकारणारच. यात तुमचं काही चुकत नाही. ड्युटीवरून आल्याआल्या डोळे मिटून बसणं सध्या बंद करा, एवढंच. सुट्टीच्या दिवशी जमलं तर बसा.

त्याऐवजी घरी येताच अंग हलवा. फोन वाजला की हृदय धडधडतं, स्नायू ताणले जातात. शरीराने धावायची पुरती तयारी केलेली असते आणि आपण मात्र खुर्चीत बसून कीबोर्ड बडवत असतो. ती तयारी कुठेतरी खर्ची पडायला हवी. वीस मिनिटं झपाझप चाला, नाहीतर फरशी पुसा. मी फरशीच पुसायचे. माझं घर तेव्हा जितकं लख्ख होतं तितकं नंतर कधी राहिलं नाही! पंखा किंवा रेडिओ खुशाल चालू ठेवा, बातम्या तेवढ्या नकोत.

नंतर बसलात की हाताला आणि डोळ्यांना एकत्र गुंतवणारं काहीतरी घ्या. विणकाम, जिगसॉ, अगदी मोबाइलवरचा ठोकळ्यांचा खेळसुद्धा. हसू नका. २००९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना भीषण दृश्यं दाखवून काहींना टेट्रिस खेळायला दिलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं पुढच्या आठवड्यात कमी वेळा आली. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, हे उपचार नव्हेत. पण मनात चित्रं रंगवणारा कोपरा दुसऱ्या कामाला जुंपता येतो, हा माझाही अनुभव आहे.

श्वासाचं म्हणाल तर चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. छाती दाबताना आपण मिनिटाला १०० ते १२० दाब मोजून घेतो. इथे मिनिटाला सहाच श्वास होतात. मोजायची सवय जात नसेल तर निदान तिचा वेग बदला. आणि ड्युटीच्या उत्तरार्धात कॉफी नको. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात.

खरी सल वेगळीच आहे, नाही का? त्या गृहस्थांचं पुढे काय झालं? आपल्याला गोष्टीचा मधलाच तुकडा मिळतो. मी एके काळी दुसऱ्या दिवशी पेपर चाळायचे, ओळखीतून चौकशा करायचे. एकदा कळलंही, माणूस वाचला होता. दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी दुसरा कॉल छातीवर येऊन बसला. तुमच्याकडे वरिष्ठांमार्फत रीतसर कळण्याची सोय असेल तर जरूर विचारा. स्वतः माग काढत बसू नका, त्याला अंत नाही. मी पुढे एक करायला लागले. रिलीव्हरला हँडओव्हर दिला की हेडसेट खुंटीला लावायचे आणि मनाला लागलेल्या कॉलबद्दल एकच वाक्य पुटपुटायचे : ‘दार वाजलं, माझं काम तिथे संपलं.’ सुरुवातीला नाटकी वाटायचं. तरी करायचे.

नवऱ्याला कॉलचे तपशील सांगता येत नाहीत, सांगूही नका. पण ‘काही नाही’ हे खोटं आहे आणि ते त्यांना कळतंय. ‘आज जड होता, अर्धा तास दे’ एवढं पुरे. दार मोठ्याने वाजवू नकोस, हेही सांगून टाका.

महिना उलटूनही झोप उडत असेल, फोनच्या रिंगने दचकायला होत असेल किंवा ड्युटीवर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. स्वतःला इजा करावी असं मनात आलं तर मात्र महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. तिथे ‘मी फक्त फोनवर असते’ अशी सुरुवात करू नका. मी केली होती. पहिली भेट त्यातच गेली.

आणि जिन्यात आकडे आलेच तर अडवू नका, उलटे मोजा. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या होत्या. चोपन्न, त्रेपन्न, बावन्न करत दाराशी पोचेपर्यंत माझी दोनदा तरी चूक व्हायची, आणि पुन्हा सुरुवात करायला मी खाली जायचे नाही.