नव्या हेड कोचबद्दल चाहते जे बोलतात त्यावर किती विश्वास ठेवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत मास्टर्सला आलोय, विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमला नवा हेड कोच मिळालाय, निम्मं कॅम्पस जल्लोष करतंय आणि निम्मं संतापलंय. खरं कोणाचं मानायचं आणि कोच बरा की वाईट हे आपण कसं ओळखायचं?

पहिल्या आठवड्यात कोणाचंच मानू नका. त्या आठवड्यातला आनंद किंवा राग जुन्या कोचच्या हिशेबातला असतो. आधीची तीन-चार वर्षं पडझडीत गेली असतील तर कोणीही आला तरी लोक खूश होतात. आधीचा माणूस दंतकथा बनून गेला असेल तर कोणीही आला तरी खट्टू होतात.

इतका गदारोळ का, हेही आधी समजून घ्या. आपल्याला क्रिकेटची सवय, तिथे मैदानावर कप्तान ठरवतो आणि कोच मागे असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोच म्हणजे सबकुछ. शाळेतली मुलं हेरून आणणं (रिक्रूटिंग), संघ निवडणं, सहायक कोच नेमणं, मैदानावर चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नात, किक मारायची की धोका पत्करायचा हे ठरवणं, सगळं त्याच्याकडे. खेळाडू साधारण चार-पाच वर्षंच राहतात, त्यामुळे संघाचा कायमचा चेहरा कोचच असतो. बऱ्याच राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांमधला सर्वांत जास्त पगारही त्याचाच असतो.

पहिल्या प्रतिक्रिया किती चुकतात याची उदाहरणं भरपूर आहेत, पण मला सगळ्यांत बोलकी वाटतात ती ऑबर्न आणि नेब्रास्का या विद्यापीठांची. डिसेंबर 2008 मध्ये ऑबर्नने जीन चिझिकला घेतलं. त्याआधी आयोवा स्टेटमध्ये दोन वर्षांत त्याचे 5 विजय आणि 19 पराभव होते. ऑबर्नचे ॲथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागाचे प्रमुख) जे जेकब्स विमानातून उतरले तेव्हा एक चाहता कुंपणापलीकडून हाच आकडा ओरडून त्यांना ऐकवत होता. दोन वर्षांत ऑबर्न 14-0 (14 विजय, एकही पराभव नाही) करून राष्ट्रीय विजेता झाला. म्हणजे तो चाहता चुकला? पूर्ण नाही. 2010 च्या संघात कॅम न्यूटन नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, होता. तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर संघ घसरत गेला, 2012 मध्ये 3-9 झाला आणि चिझिकला काढलं.

नेब्रास्काची गोष्ट उलटी. डिसेंबर 2017 मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आला तेव्हा नाराज माणूस शोधूनही सापडला नसता. राज्यातलाच मुलगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. शिवाय 2015 मध्ये एकही सामना न जिंकलेल्या यूसीएफला (युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा) त्याने दोन वर्षांत 13-0 पर्यंत नेलं होतं. कागदावर याहून चांगली निवड नव्हती. शेवटी त्याचा हिशेब भरला 16 विजय, 31 पराभव. बिघडलं नेमकं कुठे, हे तुमच्यासारख्या नव्या प्रेक्षकाने बघण्यासारखं आहे. 2021 मध्ये संघ 3-9 झाला आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी झाले. याचा अर्थ ताकद होती, पण किकिंग, हातातून सुटलेले चेंडू आणि शेवटच्या पाच मिनिटांतले निर्णय यांत सामने जात होते. ऑगस्ट 2022 मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना त्याने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड, धोक्याची किक) मारायला लावली. चेंडू गेला आणि सामना 31-28 असा गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. विद्यापीठ तेवढेही तीन आठवडे थांबायला तयार नव्हतं.

पण प्रतिक्रिया चुकते म्हणून ती बिनमहत्त्वाची असते असं समजू नका. चाहत्यांच्या हातात तिकिटं आणि देणग्या असतात. नोव्हेंबर 2017 मध्ये टेनेसीने ग्रेग शियानोला जवळजवळ नक्की केलं होतं. पेन स्टेट विद्यापीठातल्या जुन्या नोकरीत असताना तिथल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची त्याला माहिती होती, असा एका न्यायालयीन जबानीत उल्लेख होता, तो त्याने नाकारला होता. ते प्रकरण आणि निवडच न आवडणं, दोन्ही मिळून एका दिवसात इतका उठाव झाला की करार मोडला. आठवड्याच्या आत ॲथलेटिक डायरेक्टरची खुर्ची गेली. त्यानंतर आलेला जेरेमी प्रुइट 16-19 वर थांबला आणि रिक्रूटिंगचे नियम मोडल्याच्या प्रकरणात जानेवारी 2021 मध्ये गेला. मग जॉश ह्यूपल आला. त्याचं स्वागत थंडच होतं. त्याने दुसऱ्याच वर्षी अलाबामाला 52-49 असं हरवलं, आणि त्याआधी टेनेसी ओळीने पंधरा वर्षं अलाबामाकडून हरत होतं.

मग बघायचं काय?

सगळ्यांत आधी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोच बदलला की खेळाडूंना दुसरीकडे जाण्यासाठी खास मुदत मिळते. किती गेले हा आकडा फार बोलत नाही, कोण गेले ते बघा. राखीव रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) सात गेले तरी चालतं, पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक किंवा त्याचं रक्षण करणाऱ्या लाइनवरचे दोन टॅकल गेले तर पुढचा मोसम अवघड. जानेवारी 2024 मध्ये अलाबामाचा हेड कोच निक सेबन निवृत्त झाला आणि दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनहून केलन डीबोरला आणलं. सेबनने तिथे 17 वर्षांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली होती, त्यामुळे लोकांची धास्ती स्वाभाविक होती. केलेब डाउन्ससारखा सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा खेळाडू) ओहायो स्टेटला गेला तेव्हा सगळं संपल्यासारखी भाषा सुरू झाली. पण क्वार्टरबॅक जेलन मिलरो थांबला, रायन विल्यम्स या शाळकरी रिसीव्हरने येण्याचा शब्द मागे घेतला होता, तो पुन्हा दिला, टॅकल केडिन प्रॉक्टर आयोवाला जाऊन परत आला. हे तीन निर्णय डाउन्सच्या जाण्याइतकेच महत्त्वाचे होते, चर्चा मात्र जाणाऱ्याचीच जास्त झाली.

दुसरं, सोबत कोण येतंय. नवा कोच आपले जुने कोऑर्डिनेटर (आक्रमण किंवा बचाव सांभाळणारे मुख्य सहायक) आणि थोडे खेळाडू घेऊन आला तर पहिल्या वर्षी पद्धत शिकवण्यात वेळ जात नाही. कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर 2023 च्या शेवटी इंडियानाला आला, तेव्हा संघ 3-9 होता आणि देशात सर्वाधिक पराभव या विद्यापीठाच्या नावावर होते. त्याने जेम्स मॅडिसनहून आक्रमण आणि बचाव दोन्हींचे कोऑर्डिनेटर आणले, तेरा खेळाडू आणले. पहिल्याच वर्षी 11-2, दुसऱ्या वर्षी 16-0 आणि राष्ट्रीय विजेतेपद. मोठं नाव हे काम करत नाही. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकलेला बिल बेलिचेक नॉर्थ कॅरोलिनाला आला, पहिला सामना टीसीयूकडून (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) 48-14 ने हरला आणि मोसम 4-8 वर संपला.

तिसरं, करार. किती वर्षांचा, आणि काढलं तर किती रक्कम द्यायची, हे सरकारी विद्यापीठात जाहीर होतं. बातमीत फक्त वार्षिक पगार वाचून सोडू नका. टेक्सस ए अँड एमने कोच जिंबो फिशरला 2023 मध्ये काढलं तेव्हा सुमारे 7.6 कोटी डॉलर देणं लागत होतं. भरपाई इतकी असली की नापसंत कोचही बराच काळ टिकतो.

मैदानावर पहिल्या चार सामन्यांत स्कोअरपेक्षा पुढच्या गोष्टी बघा: प्रत्येक चाल सुरू होण्याआधीच्या पेनल्टी, खेळाडू जागेवर नाहीत म्हणून वाया गेलेले टाइमआउट, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये लाइनवरचे खेळाडू मागे ढकलले जातात का. पहिल्या दोन गोष्टी तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत कमी व्हायला हव्यात. झाल्या नाहीत तर सराव नीट होत नाहीये, मग संघ जिंकत असला तरीही.

एका सामन्यावरून मात्र काही ठरवू नका. डीबोरच्या पहिल्या मोसमात 28 सप्टेंबर 2024 ला अलाबामाने जॉर्जियाला 41-34 हरवलं आणि संघ देशाच्या क्रमवारीत पहिला आला. बरोबर एका आठवड्यानंतर व्हँडरबिल्टकडून 40-35 असा हरला. आधी ज्याला सेबनचा योग्य वारस म्हणत होते, त्यालाच काढायची मागणी सुरू झाली. आणि खुद्द सेबनचं पहिलं वर्ष? 2007 च्या वसंतातल्या सराव सामन्याला 92 हजारांवर लोक आले होते. नोव्हेंबरमध्ये संघ लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर 21-14 हरला आणि मोसम 7-6 वर संपला. दुसऱ्या वर्षी नियमित मोसमात 12-0. म्हणून माझं मत असं, की तुमच्या कोचबद्दल ठाम बोलायला दुसऱ्या मोसमाचा ऑक्टोबर उजाडू द्या. तोवर त्याने स्वतः निवडलेली मुलं खेळायला लागलेली असतात.

आणि कॅम्पसवर कोणी फारच चिडलेला भेटला तर त्याला विचारा, आधीच्या कोचच्या शेवटच्या दोन मोसमांत नेमकं काय झालं होतं. त्याच्या उत्तरातून या रागाचं कारण तुम्हाला कळेल.